कागद पिल्लाच्या जन्मावेळीच होतात



रविवारच्या पुरवणीतील पाळीव प्राण्यांच्या सदरात एका प्रश्नाला दिलेले उत्तर खटकले, म्हणून हे पत्र. कागदांविना घेतलेल्या लॅब्रॅडॉरची पेडिग्री कशी शोधावी, असा प्रश्न होता. डीएनए चाचणी करून घ्या, वंशावळ कळेल आणि नोंदणीही होऊन जाईल, असे उत्तर छापले आहे. ते चुकीचे तर आहेच, शिवाय निरुपद्रवीही नाही. ‘विदाऊट पेपर’ पिल्लांचा सारा बाजार ‘कागद काय, नंतरही करता येतात’ या एका थापेवर चालतो. ‘डबल बोन’, ‘चॅम्पियनचं पिल्लू’ असल्या विशेषणांची भर घालून विकणारे ही थाप मारतात, ते समजू शकते. वर्तमानपत्राने तिला दुजोरा का द्यावा?

डीएनए चाचणीने काय कळते, हे नीट पाहू. 2004 साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 85 जातींची 414 कुत्री होती आणि त्यांपैकी सुमारे 99 टक्के कुत्र्यांची जात केवळ जनुकीय खुणांवरून बरोबर ओळखता आली. म्हणजे आपला लॅब्रॅडॉर हा लॅब्रॅडॉरच आहे, एवढे प्रयोगशाळा बहुधा सांगेल. पण त्याची आई कोणती, बाप कोणता, आजी-आजोबा कुठले, हे ती सांगणार नाही, कारण वंशावळ म्हणजे विशिष्ट नावांची आणि क्रमांकांची साखळी आहे. माती तपासून जमीन काळी की तांबडी ते कळते, सातबारा कोणाच्या नावावर आहे ते कळत नाही. आईबाप ठरवणारी वेगळी चाचणी आहे, पण तिला त्या दोघांचेही नमुने लागतात, आणि ते कोण हेच तर ठाऊक नसते. अमेरिकन केनेल क्लब स्वतः डीएनए नोंदी ठेवतो, तोही पितृत्व-मातृत्व पडताळण्यासाठी; त्यावरून जात ठरत नाही, असे तो स्पष्ट सांगतो. कागद नसलेल्या पण जातिवंत दिसणाऱ्या कुत्र्यांसाठी तिथे वेगळी यादी आहे. नसबंदी केलेल्या अशा कुत्र्याला आज्ञापालनाच्या किंवा चपळाईच्या स्पर्धांत उतरता येते, वंशावळ मात्र मिळत नाही. आपल्याकडेही वीण नोंदवायची ती मादीच्या मालकाने. पिल्लू विकत घेणाऱ्याला फार तर एवढेच करता येते: जवळच्या दवाखान्यात रीडरने मायक्रोचिप आहे का ते पाहणे, असल्यास पंधरा आकडी क्रमांकाची चौकशी करणे आणि विकणाऱ्याकडून आईबापांचे नोंदणी क्रमांक मागणे. क्रमांक द्यायला तो टाळाटाळ करू लागला की उत्तर मिळालेच म्हणायचे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. सगळ्याच जातींची सुरुवात बिनकागदी कुत्र्यांपासून झाली, मग आजच्या कुत्र्यालाच दार बंद का? खरे आहे. 1873 साली स्थापन झालेल्या ब्रिटिश केनेल क्लबचे पहिले स्टड बुक पुढच्याच वर्षी निघाले, त्यातल्या कित्येक कुत्र्यांच्या आईबापांचा पत्ता नव्हता. बंद झालेली पुस्तके पुन्हा उघडलीही आहेत. अमेरिकन क्लबने 1990 मध्ये आफ्रिकेतून आणलेल्या बसेंजी कुत्र्यांना आपल्या पुस्तकात घेतले. पण ते जातीच्या गरजेपोटी. नोंदलेली कुत्री थोडी होती, रक्त आकसत चालले होते, आणि नवी कुत्री जातीच्या मूळ मुलखातून पारखून आणलेली होती. लॅब्रॅडॉरला असली कोणतीच नड नाही. उलट या जातीत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक आजार आहे, आणि आईबापांच्या तपासण्या माहीत असणे हाच पेडिग्रीचा खरा उपयोग आहे. भिंतीवर फ्रेम करून लावण्यासाठी ती नसते, जरी अनेकांना तेवढ्यासाठीच हवी असते. मागाहून खटपट करून मिळवलेल्या कागदात नेमकी हीच माहिती नसणार.

दार उघडे ठेवायचेच असेल तर ते आपल्या कारवानासाठी ठेवा. मुधोळ, जत, सोलापूर, लातूर या पट्ट्यातले हे शिकारी कुत्रे. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कॅरॅव्हॅन हाउंड म्हणतो, सरकारदरबारी ते मुधोळ हाउंड आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजपालयम आणि चिप्पीपराई यांच्यासोबत त्याची जात म्हणून नोंद केली आहे. ही नोंद जातीची. वाडीवस्तीवरच्या एकेका कुत्र्याची नोंद त्याने होत नाही. इथे कागद नाहीत ते कोणी दडवले म्हणून नव्हे. कोणत्या मादीला कोणता नर दाखवला, हे पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपले म्हणून. अशा कुत्र्याला जाणकारांनी गावात जाऊन पारखावे, मायक्रोचिप बसवावी, ‘आईबाप अज्ञात’ असे प्रांजळपणे लिहून पहिली पिढी धरावी आणि तिथून पुढे मोजत जावे. शर्यतीच्या नादाने ग्रेहाउंडचे रक्त मिसळले जाते, मग शुद्धता कशी ठरवणार, असे विचारले जाईल. डीएनए चाचणीचा पैसा खर्च करायचा तर तो इथेच. आज पुण्या-मुंबईतून परदेशी किट मागवून कारवानाची लाळ पाठवली आणि त्या कंपनीच्या संग्रहात या जातीचे नमुनेच नसले, तर ती जवळच्या कुठल्यातरी जातीचे नाव लावून मोकळी होईल. आधी आपल्या गावांतल्या नमुन्यांचा संग्रह उभा राहिला पाहिजे.

बाकी शहरी बाजारापुरते बोलायचे तर कायदा केव्हाच झाला आहे. 2017 च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, दप्तर ठेवले पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता कामा नये आणि विकताना मायक्रोचिप असलीच पाहिजे. हे पाळले गेले असते तर आपल्या सदराला तो प्रश्न आलाच नसता. आणि याच अनास्थेचा दुसरा मासला म्हणजे मार्च 2024 मधले केंद्राचे परिपत्रक. पिटबुल, रॉटवायलर अशा 23 जाती आणि त्यांचे संकरही धोकादायक ठरवून बंदी घातली गेली. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले, ते ठीकच. पण ज्या देशात बहुसंख्य कुत्र्यांचे कागदच नाहीत तिथे संकर कोणता, हे पालिकेच्या कर्मचाऱ्याने कशावरून ठरवायचे होते? डोके मोठे दिसते म्हणून? परवान्याच्या अर्जातल्या जातीच्या रकान्यात आजही मालक म्हणेल तेच उतरवले जाते. राज्य मंडळाने निदान नोंदणीकृत ब्रीडरांची जिल्हावार यादी जाहीर करावी, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांना मायक्रोचिप रीडर द्यावेत, आणि आपणही पुढच्या रविवारी त्या उत्तराची दुरुस्ती त्याच जागी छापावी.

– एक वाचक, सांगली