मनीचे वजन

लठ्ठ मांजर दिसले की पाहणाऱ्याच्या तोंडून हमखास उद्गार निघतो, "किती गोंडस!" लठ्ठ माणसाच्या नशिबी हे भाग्य नाही, त्याला सल्ले मिळतात. मांजराला मात्र आणखी एक बशी दूध मिळते. या लेखात मी मांजराची बाजू घेणार आहे आणि म्हणूनच त्याच्या बशीविरुद्ध बोलणार आहे. मार्जारप्रेमी मित्रमैत्रिणींनी रागावू नये. मीही त्यांच्याच पंगतीतला आहे.

प्रथम थोडे गणित. कला शाखेच्या वाचकांनी घाबरून पान उलटू नये! जे मांजर ५ किलोचे असायला हवे ते ६ किलोचे झाले, तर आपण म्हणतो, "किलोभरच तर वाढले!" पण हा किलो म्हणजे शेकडा २०. साठ किलोच्या माणसाच्या पाठीवर १२ किलोचे गाठोडे कायमचे बांधावे, तसे हे आहे. अशा मांजराचे सांधे दुखू लागतात, मधुमेहाचा धोका वाढतो आणि स्वच्छतेबद्दल ख्याती असलेल्या या प्राण्याची जीभ स्वतःच्याच पाठीपर्यंत पोहोचत नाही. ते तक्रार करीत नाही, कारण दुखणे लपवणे हा मांजराचा स्वभाव आहे. आपण 'आळशी झाली हो आमची मनी' म्हणून मोकळे होतो.

ऑस्ट्रेलियात हिमी नावाचा एक बोका होता. १९८६ मध्ये तो वारला तेव्हा त्याचे वजन २१.३ किलो होते. त्याला हातगाडीवरून न्यावे लागे. सर्वांत जड मांजर म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. पुढे त्या पुस्तकाने असे विक्रम नोंदवणेच बंद केले, कारण विक्रमापायी लोक प्राण्यांना कोंबून खाऊ घालतील अशी भीती होती. आपल्या घरांत विक्रमाचे आमिष नसते. तिथे कौतुक पुरते.

मांजर आणि दूध ही जोडी आपल्या मनात बालपणापासून पक्की बसली आहे. वास्तविक वयात आलेल्या पुष्कळ मांजरांना दूध नीट पचत नाही. शिवाय मध्यम मांजराची दिवसाची गरज साधारण २०० ते २५० कॅलरी. म्हशीच्या अर्ध्या कप दुधातच त्यातला मोठा वाटा जातो. दूधभातावर पोसलेले मांजर लठ्ठ असूनही कुपोषित असू शकते. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन नावाचे द्रव्य त्याला मांसातूनच मिळते, आणि ते कमी पडल्यास हृदय बिघडते हे १९८७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. त्यात नसबंदीनंतर शरीराची गरज घटते आणि भूक मात्र वाढते. म्हणून नसबंदी टाळावी असे मी म्हणत नाही. पोत्यात घालून सोडून दिलेली पिल्ले ज्याने पाहिली आहेत तो असे म्हणणार नाही. त्या दिवसापासून बशी लहान करावी, एवढेच.

आपल्याकडे वजन उतरवायचे म्हटले की उपास सुचतो. मांजराला उपास घडवू नये! लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले, तर अंगातली चरबी यकृतात साचून ते दगावू शकते. वजन आठवड्याला शेकडा एकच्या आसपास उतरावे. सहा किलोच्या मांजराचे ६० ग्रॅम. म्हणजे तो जादा किलो जायला चार-साडेचार महिने हवेत. आधी पशुवैद्याला दाखवावे, किती खायचे ते त्याच्याकडून ठरवून घ्यावे आणि ते दररोज काट्यावर तोलून तीन-चार वेळा विभागून द्यावे. पाकिटातले सुके खाद्य दिवसभर भरून ठेवू नये. आठवड्यातून एकदा मांजराला उचलून वजनकाट्यावर उभे राहावे, मग एकट्याने, आणि वजाबाकी करावी. दोरीला कागदाचा बोळा बांधून रोज त्याला दहा मिनिटे पळवावे.

यातले अवघड काम मांजराचे नाही. आजी सायीचे बोट चाटवते, बाबा ताटातला मासा सरकवतात, शेजारच्या काकू 'बिचारी उपाशी दिसते' म्हणून बोलावतात आणि मनी प्रत्येकाच्या पायात अशी घोटाळते की जणू जन्मात अन्न पाहिले नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा उंदरांचा प्रश्न झाला. घरातल्या चार हातांना आवर कोणी घालायचा हा आपला. माझ्या मते घरात एकानेच खाऊ घालावे आणि इतरांनी खेळवावे. लाडाला खेळ पुरतो.

कोणी म्हणेल, माणसे अर्धपोटी असताना मांजराच्या पथ्याची चर्चा कशाला? प्रश्न रास्त आहे. पण उपाशी माणसाचा घास मनीच्या बशीत ओतल्याने त्याचे पोट भरत नाही. दार लावून ज्या जिवाला आपण घरात ठेवले, त्याची शिकार संपवली, त्याचे सारे जगणे आपल्या हातात आले. तो मागेल ते देण्यात आपल्याला सुख आहे, हे खरे. पण ते सुख आपले असते आणि पाठीवरचे गाठोडे त्याचे. उद्या मनी बशीपाशी बसून ओरडेल तेव्हा तिला जरूर उचलून घ्यावे, मान खाजवावी. बशी मात्र ठरल्या वेळीच भरावी.