नळी पुण्याला पोचेल, पुढचं काय?

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी असते. पुणे जिल्ह्यातल्या केळदकडची बाई त्यासाठी वेल्ह्याला उतरते. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही. आशाताई माता-बाल संरक्षण कार्डावर आकडे चढवून घेतात, बाईचं लक्ष परतीच्या एसटीकडे. मोठ्या तपासणीला चेलाडी फाटा गाठून पुणं.

म्हणून आईच्या रक्तातून बाळाच्या जनुकीय दोषांचा धोका सांगणारी ‘एनआयपीटी’ ही तपासणी भोर-वेल्ह्यासाठीच निघाली असावी असं वाटतं. बाळाच्या पेशी आईच्या रक्तात उतरतात, पण मिलिलिटरमागे जेमतेम एखादी. त्या वेचण्यात संशोधकांची वर्षं गेली. १९९७ मध्ये त्यांच्यातल्याच डेनिस लो यांनी पेशींचा नाद सोडून रक्तद्रव तपासला, तर बाळाचा डीएनए तिथे मोकळाच सापडला. तो मुख्यतः वारेतून येतो आणि बाळंतपणानंतर लगेच नाहीसा होतो. (पेशी मात्र चिवट. मुलगा होऊन २७ वर्षं झालेल्या आईच्या रक्तातही त्या मिळाल्यात.) दहाव्या आठवड्यानंतर रक्त घेता येतं आणि खास नळीत ते काही दिवस टिकतं. बाई घरी, नळी पुण्याला.

पण ही चाळणी आहे, निदान नव्हे. डाउन सिंड्रोमचा धोका निघाला तर खात्रीसाठी सहसा गर्भजल तपासणी लागते, तीही पंधराव्या आठवड्यानंतर. विशीतल्या आयांमध्ये धोका निघाला तरी तो गजर बरेचदा खोटा ठरतो, आणि आपल्याकडे बहुतेक आया विशीतल्याच. तो कागद हातात घेऊन पाड्यावरच्या सुनेनं कुणाला विचारायचं? सासूला?

त्याच नळीत मुलगा की मुलगी हेही कळतं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ मध्ये देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, तरी राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४. म्हणून तपासणीच नको, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. सोनोग्राफी आपण बंद केली नाही, नोंदणीत बांधली. हीही सोनोग्राफीसारखीच गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या केंद्रीय कायद्याखाली येते.

आधी भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस जनुकीय समुपदेशक बसवा, गर्भजल तपासणीची तारीख तिथूनच ठरू द्या. मग नळ्या पाठवा. तोवर कुणी खासगीत ही तपासणी सुचवली, तर रक्त देण्याआधी विचारा : धोका निघाला तर पुढची तपासणी कुठे, कोण आणि कितव्या आठवड्यात करणार? उत्तर मिळाल्याशिवाय पैसे भरू नका.