पाटे काढू नका, फळी सुधारा



हंगाम तोंडावर आला की वाहनधारक गाड्या मिस्त्रीकडे लावतात. ब्रेक, टायर, दिवे बघून घेतात, ते योग्यच आहे. पण त्यातच एक खूळ आमच्या नजरेस आले आहे. मागचे एक-दोन पाटे काढायचे, नाहीतर कमान तापवून चपटी करायची, आणि ट्रकची मागची बाजू चार-सहा बोटे खाली बसवायची. का, म्हणून विचारावे तर उत्तर ठरलेले : "साहेब, टोळीला मोळी चढवाय सोपं जातंय."

टोळीची अडचण खोटी नाही. डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून दिवसभर चढ-उतार करणे म्हणजे काय, हे फडात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. पण त्यावरचा हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हिशेब साधा आहे. समजा, एका बाजूला सारख्या जाडीचे दहा पाटे आहेत. त्यातले दोन काढले की उरलेल्या आठांवर प्रत्येकी सव्वापट भार येतो. तापवलेल्या पाट्याचे पाणी उतरते, मग तो भार पडला की बसतो, परत उठत नाही. कमानीला दबायला जागाच उरली नाही की खड्ड्यात हाऊसिंग वर येऊन थेट चेसिसला आपटते. तो दणका मुख्य पाटा, यू-बोल्ट आणि चेसिसचे रिव्हेट सोसतात. काही जण म्हणतात, २०१८ साली सरकारनेच मागच्या चार टायरांच्या आसाची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. केली खरी, पण ती धड पाट्यांच्या गाडीसाठी.

हलकी मोटार खाली बसवली तर ती वळणावर बरी चालते, हे आम्हीही मान्य करतो. पण तिथे स्प्रिंग कडक घालतात आणि रस्ता डांबरी असतो. आपण स्प्रिंग मऊ करतो, वर हौद्याबाहेर ऊस रचतो आणि गाडी पाणंदीत घालतो. हौदा चार बोटे खाली आला म्हणून ऊस तेवढाच खाली राहात नाही, वर आणखी एक थर चढतो. मग चारी ओलांडताना गाडी डुलते. दोन्ही बाजूंचे पाटे सारखे बसलेले नसतील तर एका अंगाला कलते. त्यात शेपटाकडे ऊस लोंबत असेल तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. दिव्यांचा झोत वर जाऊन समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्याचे डोळे दिपवतो. काही गाड्यांत मागचा ब्रेक भाराप्रमाणे कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. तो चेसिस आणि आसातले अंतर बघून काम करतो. मागची बाजू खाली बसवली की रिकामी गाडीही त्याला भरलेली वाटते आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरते.

गेल्या हंगामात अशीच एक गाडी चारीच्या मोरीवर मुख्य पाटा तुटून बसली. दोन रात्री ऊस जागेवर वाळला. तोडलेल्या उसाचे वजन तासागणिक घटते, साखर उतरते. तो ऊस ज्या सभासदाचा, त्याची चूक एवढीच, की लवकर भरणी व्हावी म्हणून त्यानेच ती गाडी मागून घेतली होती. बायामाणसे त्या दिवशी उसावर बसली नव्हती, हे नशीब.

तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी आपल्याच बिलातून वजा होतो. म्हणून ही बाब एकट्या वाहनधारकाची नाही. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदीत नसलेला बदल करायला मनाई करते. अपघात झाला तर विमा कंपनी यावर बोट ठेवू शकते.

मग करायचे काय? फळी रुंद आणि लांब करा, म्हणजे चढ कमी होतो. तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोका, पाय घसरत नाही. गाडी सखल जागी आणि मोळ्या उंच बांधाकडे ठेवा. फडापर्यंतच्या वाटेवर तोडीआधी दोन खेपा मुरूम टाका. मागून खाली बसलेली गाडी फडात आली तर भरू देऊ नका, स्लिपबॉयला सांगा. मुकादम कुरकुर करील, एक दिवस तोड लांबेल. लांबू द्या.

चार बोटांच्या सोयीपायी कुणाचा जीव आणि आपला ऊस, दोन्ही मोरीवर टांगून ठेवण्यात शहाणपण नाही.