‘मदरबोर्ड गेला’ हा निकाल तपासून घ्या

बीड, माजलगाव, गेवराई, अंबाजोगाई, कोणत्याही बाजारपेठेत जा, दुकानाच्या गल्ल्याशेजारी एखादा जुना लॅपटॉप दिसतोच. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि खतावणीबरोबर हे यंत्रही धंद्याचे साधन बनले. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यास २० तारीख गाठावी लागते, चुकली तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क. नेमक्या अशा वेळी लॅपटॉप सुरू होतो आणि दोन-चार मिनिटांत आपोआप बंद पडतो. दुरुस्तीवाला तो न उघडताच सांगतो, ‘मदरबोर्ड गेला, नवा घ्या.’ आमचे स्पष्ट मत असे की, हा निकाल तपासल्याशिवाय मान्य करू नये.

पहिली गोष्ट, घड्याळ लावून पाहा. पाच-दहा मिनिटांनी बंद पडत असेल तर बहुधा दोष उष्णतेचा. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास तापला की यंत्र स्वतःला वाचविण्यासाठी बंद होते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. त्यात कापसाचे तंतू, शिलाईच्या दोऱ्यांची कसपटे, लाकडाचा भुसा पंख्यात अडकतो. शिवाय आपण लॅपटॉप गादीवर ठेवतो, त्यामुळे खालची हवेची वाट बंद होते. यावर उपाय स्वस्त आहे. यंत्र कठीण फळीवर ठेवावे, पंखा साफ करून घ्यावा आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी.

दुसरी गोष्ट, वीज तपासा. बॅटरी निघत असेल तर ती काढून फक्त अ‍ॅडॉप्टरवर चालवा. तसे चालले तर दोष बॅटरीचा. बॅटरीवर चालते पण अ‍ॅडॉप्टर जोडताच अडते, तर अ‍ॅडॉप्टर किंवा त्याची पिन पाहावी. नवा अ‍ॅडॉप्टर तेवढ्याच व्होल्टचा हवा. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील. बॅटरी फुगली असेल तर वापर ताबडतोब थांबवा, तिला टोचू वा दाबू नका.

दोन-चार सेकंदांतच बंद पडत असेल तर रॅम काढून, पुसून पुन्हा बसवून पाहावी. बायोसच्या पडद्यावरही बंद पडत असेल तर विंडोज नव्याने टाकण्याचे पैसे कोणी मागितले तरी देऊ नयेत. दोष तेथे नाही. हे सर्व करूनही यंत्र उठले नाही, तरच मदरबोर्डची गोष्ट काढावी.

दुरुस्ती करणाऱ्या आपल्या तरुणांनाही दोन शब्द. ग्राहकासमोर यंत्र उघडा, काढलेला भाग त्याच्या हातात द्या, पावती लिहून द्या. न बिघडलेल्या भागाचे पैसे घेऊन एक दिवस भागेल, पण पेठेतील नाव जाईल. बाजारात पत भांडवलापेक्षा मोठी असते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी आपणांस शिकविले आहे.

आणि व्यापारी बांधवांनो, दर शुक्रवारी हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तिजोरीत ठेवा. लॅपटॉप बाजारात पुन्हा मिळेल. उधारीची यादी मिळणार नाही.