‘लेडी ड्रिव्हन’चं काय करायचं?

सेकंडहँड गाड्यांच्या जाहिरातींची एक वेगळीच भाषा असते. ‘शोरूम कंडिशन’ म्हणजे कालच पॉलिश मारलंय. ‘डॉक्टर यूज्ड’ म्हणजे गाडीला कधी सर्दी झाली नसावी बहुधा. ‘लेडी ड्रिव्हन’ म्हणजे नेमकं काय, हे मला स्वतः लेडी असून आणि ड्राइव्ह करत असूनही अजून कळलेलं नाही. आणि या सगळ्या झगमगाटात मध्येच एक बिनरंगी ओळ असते, जिच्यावर आपली नजर फारशी थांबत नाही: ‘2019 मॉडेल, फर्स्ट ओनर, 41,000 किमी, नॉन-ॲक्सिडेंट.’

भांडायची वेळ आली की कामाला येते ती हीच ओळ. ‘शोरूम कंडिशन’ हे विक्रेत्यानं केलेलं कौतुक झालं. स्वतःच्या मालाला वाईट कोण म्हणेल? त्यावर दाद मागायला गेलात तर हाती फार काही लागायचं नाही. 41,000 मात्र आकडा आहे. तो खरा असतो, नाहीतर खोटा.

आमचं बेलपाडा खारघर स्टेशनला लागून. नोव्हेंबर 2023 मध्ये मेट्रो सुरू झाली, बेलपाडा नावाचं स्टेशनही मिळालं, पण मेट्रो पेंधरपर्यंत जाते, गणपतीला चिपळूणला नाही नेत. त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये अधूनमधून एखादी ‘नवीन जुनी’ गाडी येतेच. पेढेही वाटले जातात.

शेजारच्या बिल्डिंगमधल्या माझ्या मैत्रिणीनं असेच पेढे वाटले होते. ऐरोलीत नोकरी, एका डीलरकडून घेतलेली हॅचबॅक, किंमत 4 लाख 60 हजार, त्यातले साडेतीन लाख लोनचे. मीटरवर 41,000. तिसऱ्याच आठवड्यात क्लच गेला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा नंबर टाकला, तर जुनी नोंद निघाली. दोन वर्षांपूर्वी, त्याच सेंटरमध्ये, 78,000 किमी! गाडी उलटी चालवत आणली असती तरी एवढं कमी झालं नसतं. डीलरचं उत्तर ठरलेलं: ‘मीटरचं आधीच्या मालकानं काय केलं आम्हाला काय माहीत मॅडम? गाडी जशी आहे तशी दिलीय, सही आहे तुमची.’

ही ‘जशी आहे तशी’वाली सही बघून बरेच जण तिथेच गार पडतात. तसं पडायचं कारण नाही. 1872 च्या करार कायद्यानुसार खोटं माहीत असूनही, फसवण्यासाठी ते खरं म्हणून सांगणं ही फसवणूक आहे आणि फसवून मिळवलेली संमती आपण मोडू शकतो. ग्राहक कायदाही खोट्या दाव्याला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. जुना किंवा डागडुजी केलेला माल नवा म्हणून खपवणं तर त्यात वेगळं नोंदवलेलं आहे.

पण याच करार कायद्यात एक खोच आहे आणि ती कुणी सांगत नाही. विक्रेता नुसता गप्प बसला, आणि साधी चौकशी करून तुम्हाला खरं कळण्यासारखं होतं, तर करार मोडता येत नाही. तो तोंडानं धडधडीत खोटं बोलला असेल, तर ही पळवाट त्याला मिळत नाही. म्हणून गाडी घेताना विक्रेत्याला बोलतं करायचं. आणि लेखी! माझ्या मैत्रिणीनं पैसे भरण्याआधी व्हॉट्सॲपवर सहज विचारलं होतं, ‘मीटर ओरिजिनल आहे ना?’ उत्तर आलं होतं, ‘100 टक्के ओरिजिनल मॅडम’ आणि पुढे हात जोडलेले दोन इमोजी. आज तिच्या फायलीतला सगळ्यात वजनदार कागद म्हणजे या चॅटची प्रिंट, सोबत जाहिरातीचा तारखेसकट स्क्रीनशॉट. (गाडी विकली गेली की जाहिरात गायब होते. पसंत पडली त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढा. मूळ चॅट फोनमधून उडवू नका.)

ज्याबद्दल हमखास विचारायलाच हवं ते म्हणजे पाणी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस झाला, असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात, कधी दुसऱ्याच शहरात. पुरातल्या गाडीबद्दल जाहिरात खोटं बोलत नाही, ती गप्प बसते. तेव्हा सरळ लिहून विचारा: गाडी कधी पाण्यात गेली होती का? मोठा इन्शुरन्स क्लेम झालाय का? आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आत चिखलाची रेघ दिसली तर चहाही न पिता निघा. ‘फर्स्ट ओनर’बद्दल तर विचारायचीही गरज नाही, आरसीवर मालकाचा क्रमांक छापलेला असतो. तो न बघणं म्हणजे साधी चौकशी न करणं.

आता भांडायचं कुणाशी? गोव्यातली एक केस बघा. एका ग्राहकाला 2011 मध्ये नवी म्हणून विकलेली गाडी 2009 ची आणि सहाशेहून जास्त किलोमीटर धावलेली असल्याची तक्रार होती. ग्राहक मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत डीलर आणि टाटा मोटर्स, दोघांनाही जबाबदार धरलं गेलं. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली आणि फेब्रुवारी 2021 मध्ये सुटली. डीलर काही कंपनीचा एजंट नव्हता आणि हा प्रकार कंपनीला माहीत होता असंही दिसत नव्हतं. डीलरची जबाबदारी मात्र तशीच राहिली. थोडक्यात, मोठ्या नावाच्या मागे धावण्याआधी बिलावर नाव कुणाचं आहे ते बघा. ॲपवरून गाडी घेतली असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण काही ॲप स्वतः विकतात आणि काही फक्त ओळख करून देतात. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो.

विकणारा तुमच्यासारखाच नोकरदार असेल, स्वतःची एकुलती एक गाडी विकणारा, तर मात्र ग्राहक आयोग साधारणपणे कामाचा नाही, कारण तो व्यापारी नव्हे. तिथे दिवाणी कोर्ट, आणि ते किती दिवस चालेल ते विचारू नका. डीलरकडे दहा-वीस हजार जास्त मोजण्याचा माझ्या मते हाच काय तो फायदा.

तक्रारीचा मामला वाटतो तितका भयंकर नाहीये. आधी 1915 या हेल्पलाइनला फोन, मग लेखी नोटीस, मग जिल्हा आयोग. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य! पूर्वी साधारणपणे विकणाऱ्याच्या गावी किंवा जिथे व्यवहार झाला तिथे जावं लागे. 2019 चा कायदा जुलै 2020 पासून लागू झाल्यावर आपण राहतो किंवा नोकरी करतो तिथेही तक्रार करता येते. बेलपाडा रायगड जिल्ह्यात, म्हणजे अलिबाग. ऐरोलीच्या नोकरीमुळे मैत्रिणीला ठाणे जिल्ह्याचाही पर्याय आहे. तिनं अलिबाग निवडलंय. म्हणाली, तारखेला गेलं की निदान समुद्र तरी दिसेल. गाडी तपासायला तज्ज्ञाकडे पाठवायची झाली तर कायद्यातली तीन महिन्यांची मुदत पाच होते. प्रत्यक्षात जास्तच धरून चला आणि ईएमआय या काळात थांबत नाही, हे मनाला आधीच सांगून ठेवा.

नोटीस गेल्यावर डीलरचा सूर बदललाय. परवा त्यानं 25,000 ‘गुडविल म्हणून’ देऊ केले, सोबत ‘फुल अँड फायनल’ लिहिलेला कागद. त्यावर सही केली तर पुढे मागायला फारसं काही उरत नाही. मैत्रिणीनं तो कागद वाचायला म्हणून घरी आणलाय. शनिवारी आम्ही वकिलाकडे चाललोय, रिक्षानं. क्लच अजून व्हायचाय.