रात्रीची बस हा हक्क, टॅक्सी ही सोय



रेल्वे रात्री झोपत नाही. आपल्या आर.एम.एस.मधली टपालाची छाननीही रात्री थांबत नाही. पण रात्रपाळी संपवून निघालेला कामगार किंवा अवेळी उतरलेला प्रवासी स्टेशनबाहेर पडला की आपली जबाबदारी संपली, असा सोयीस्कर समज प्रशासनाने करून घेतला आहे. ‘बाहेर टॅक्सी उभ्या आहेत ना!’ हे त्यांचे ठरलेले उत्तर. हे उत्तर वाराणसीत तपासून पाहू.

मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारी महानगरी एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारात वाराणसी कॅन्टला पोहोचते. मराठी यात्रेकरूंची ही नेहमीची गाडी. हावडा मार्गावरच्या अनेक गाड्या मात्र काशीत न शिरता मुगलसरायला थांबतात. २०१८ पासून त्याचे नाव पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन आहे. तेथून काशी पंधरा-सोळा किलोमीटर, आणि मध्ये गंगा. तिच्यावर १८८७ चा मालवीय पूल आहे, खाली रेल्वे आणि वर रस्ता. खालून आमची गाडी रात्रभर ठरलेल्या भाड्यात धावते. वरून जायचे तर गरिबाने अपरात्री भावाची घासाघीस करायची. हा कुठला न्याय?

टॅक्सीला आमचा विरोध नाही. घरात आजारी माणूस असेल, सोबत म्हातारी आई असेल, किंवा चौघे सामानासह निघाले असतील, तर टॅक्सीच बरी. टॅक्सीवालाही कष्टकरीच आहे. हप्ता आणि कंपनीचे कमिशन त्याच्याही मानेवर बसले आहे. पण अडचणीला उपयोगी पडणारी वस्तू रोजची व्यवस्था होऊ शकत नाही. रात्रपाळीच्या एका तासाला दहा मिनिटांचे वेटेज धरून भत्ता मिळतो. त्यावरही २०२० मध्ये ४३,६०० रुपये मूळ वेतनाची मर्यादा घातली गेली. हा भत्ता काय टॅक्सीवाल्याच्या हाती ठेवायचा? कंत्राटी सफाई कामगाराने तर टॅक्सीचे नावही काढू नये.

बसच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मुंबईत बेस्टने फेब्रुवारी २०२२ मध्ये सहा मार्गांवर रात्रभराची बससेवा सुरू केली, साधारण तासाला एक. एक बस चुकली की तासभर थांब्यावर उभे राहावे लागते. काशीत बस फार तर मैदागिनपर्यंत सोडील. पुढे ब्रह्माघाट, दुर्गाघाटाकडच्या गल्ल्या, जिथे आपली जुनी मराठी घरे आहेत, तिथे बस जात नाही आणि टॅक्सीही जात नाही. तिथे रस्त्यावर दिवा आणि गस्तीवर पोलीसच हवा, विशेषतः भगिनींसाठी.

‘रात्री बस रिकामी धावते, तोटा होतो,’ असे सांगितले जाईल. मग अग्निशमन दलाचा नफा कोण मोजतो? रात्री गाडी येवो न येवो, गेटमन जागाच असतो ना? ज्या बसचे वेळापत्रक स्टेशनवर लागत नाही आणि गाडी उशिरा आली तर जी थांबत नाही, ती रिकामीच धावणार!

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत:

१. दोन्ही स्टेशनांवरून रात्री अकरा ते पहाटे पाच गाड्यांच्या वेळेशी जोडलेली बस हवी.

२. बसचे वेळापत्रक आणि टॅक्सी-रिक्षांचे ठरलेले दर फलाटावर मराठीसह ठळक लावावेत.

३. थांब्यावर दिवा, निवारा आणि पोलीस असावा.

४. त्या बसचे चालक-वाहक कायम नोकरीतले असावेत आणि त्यांना पूर्ण रात्रभत्ता मिळावा. एका कामगाराची सोय दुसऱ्याच्या पिळवणुकीवर आम्हाला नको.

प्रत्येक शाखेने हा ठराव आपल्या स्टेशनापुरता करून प्रशासनाकडे पाठवावा. प्रश्न काशीचा असला तरी भुसावळ, मनमाड, सोलापूरलाही तो तितकाच लागू आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!