भीती बाळगा, पण योग्य ठिकाणी

पोराला लंडनला प्रवेश मिळाला की घरात पेढे येतात. केपटाऊनला मिळाला की नातेवाईक येतात, समजूत घालायला. "तिकडं कशाला?" हा त्यातला सभ्य प्रश्न. केपटाऊन विद्यापीठाची सुरुवात १८२९ सालच्या कॉलेजातून झाली, म्हणजे आपल्या मुंबई विद्यापीठाच्या अठ्ठावीस वर्षं आधी, हे समजूत घालणाऱ्यांना माहीत नसतं. मी तिथे शिकले, सुट्ट्यांत शेजारच्या देशांत बसनं हिंडले. त्या अनुभवावरून जाणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना सांगणं एवढंच आहे: घाबरायला हरकत नाही, पण कशाला घाबरायचं ते नीट ठरवा. आपण माणसांना घाबरतो आणि रस्त्याला घाबरत नाही. व्हायला हवं उलटं.

रस्त्याचंच बघा. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी भाड्याची गाडी घ्यायचा मोह होतो. नामिबियात चार मित्र मिळून निघतात, डांबर संपून खडी सुरू होते, रस्ता सरळ, रिकामा, काटा शंभरावर. मग कडेच्या भुसभुशीत खडीत चाक जातं, चालवणारा घाबरून ब्रेक दाबतो आणि गाडी उलटते. तिथे खडीवर ताशी ऐंशीच्या वर जायचं नाही, आणि चाक घसरलं तर पाय अॅक्सिलरेटरवरून काढायचा, ब्रेकवर ठेवायचा नाही. अंधार पडल्यावर शहराबाहेर गाडी चालवायचीच नाही. कुडू नावाचं मोठं हरीण दिव्यांच्या झोतात थेट काचेवर येतं. बोट्स्वानात रात्री हमरस्त्यावर गाढवं आणि गुरं उभी असतात. मुक्काम अंधाराच्या दोन तास आधी करा. बघायचं ठिकाण पळून जात नाही.

माणसांपासून सावध राहायचं ते इथे: एटीएमपाशी "कार्ड असं घाला" म्हणत मदतीला येणाऱ्या अनोळखी माणसाला हात दाखवून थांबवा आणि सरळ निघून जा. कार्डाची अदलाबदल तिथे डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात होते. रस्त्यात फोन हातात धरून नकाशा बघत चालू नका. ही खबरदारी तिथली माणसंही घेतात, त्यामुळे तुम्ही घेतलीत तर कुणाला राग येत नाही.

आता टॅक्सी. तिकडे टॅक्सी म्हणजे पंधरा-सोळा जणांची मिनीबस, आणि बहुसंख्य लोकांचा रोजचा प्रवास तिच्यातून होतो. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात 'टाळा' असं लिहिलेलं असू शकतं. कारणही आहे: टॅक्सी संघटनांची मार्गांवरून होणारी भांडणं कधी कधी गोळीबारापर्यंत जातात, आणि काही चालक बेफाम असतात. तरी माझं मत असं की, पहिल्यांदा वर्गातल्या स्थानिक मैत्रिणीबरोबर, दिवसा, जरूर बसा. जोहान्सबर्गमध्ये कडेला उभं राहून तर्जनी वर केली की टॅक्सीवाल्याला कळतं, हिला शहराच्या मध्यात जायचंय. आत शिरताना सगळ्यांना नमस्कार करायचा. मागच्या रांगेतून पैसे पुढे येतात, या हातातून त्या हातात, "दोघांचे", "तिघींचे" असं सांगत. पुढे चालकाशेजारी बसलेल्या प्रवाशानं ते मोजायचे आणि सुटे मागे पाठवायचे. कंडक्टर नाही, तिकीट नाही, तरी सगळ्यांचा हिशेब जुळतो. गणित कच्चं असेल तर पुढच्या सीटवर बसू नका. केपटाऊनमध्ये मात्र बहुधा दारात लटकून ओरडणारा पोऱ्या पैसे घेतो.

काही विचारण्याआधी नमस्कार करायचा, हा नियम सगळीकडे पाळा. बोट्स्वानात काउंटरपाशी जाऊन एकदम "बस किती वाजता?" विचारलंत तर उत्तर मिळेल, पण कोरडं. आधी "दुमेला म्मा" किंवा पुरुष असेल तर "दुमेला र्रा", मग खुशाली, मग बस. पैसे देताना उजवा हात पुढे आणि डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराला टेकलेली. डाव्या हातानं देऊ नये हे आपल्या आजीनं शिकवलेलंच आहे, ते तिथे कामाला येतं.

डर्बनला गेलात की खाण्यापिण्याचे हाल संपतात. १८६०पासून भारतातून उसाच्या मळ्यांवर आलेल्या गिरमिटिया मजुरांचे वंशज तिथे आहेत, आणि मसाल्याची दुकानंही. केपटाऊनमध्ये तर रत्नागिरीकडून गेलेल्या कोकणी मुस्लिम कुटुंबांच्या पिढ्या नांदल्या आहेत. पण त्यांना 'आपली माणसं' म्हणून गळ्यात पडू नका. ते दक्षिण आफ्रिकेचे नागरिक आहेत, आणि फक्त त्यांच्यातच राहायचं तर एवढ्या लांब कशाला जायचं? केपटाऊनात टेबल माउंटनवर जाण्याआधी डिस्ट्रिक्ट सिक्सचं संग्रहालय बघा. १९६६ साली ती वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि साठ हजारांहून जास्त माणसं हलवली गेली, बरीचशी शहराबाहेरच्या वाळूच्या मैदानावर. ते बघितलं की मोलकरीण दोन बस बदलून पहाटे का येते, ते वेगळं समजावून घ्यावं लागत नाही.

आणि जाताजाता, पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकन मुलांना खोली नाकारताना आपले काही घरमालक कोणती कारणं देतात, ते एकदा आठवा. मग मुलीला जोहान्सबर्गमध्ये खोली शोधायला पाठवा.

कागदपत्रांत ढिलाई अजिबात नको. दक्षिण आफ्रिकेच्या व्हिसासाठी पोलिसांचा दाखला लागतो, आणि आरोग्यविमा तिथल्याच नोंदणीकृत मेडिकल स्कीमचा हवा, आपल्याकडची प्रवास पॉलिसी चालत नाही. मुदतवाढीचा अर्ज व्हिसा संपायच्या किमान साठ दिवस आधी. मुदत उलटून राहिलात तर देश सोडताना 'अवांछित' ठरवून पुढची काही वर्षं प्रवेश बंद होऊ शकतो. शैक्षणिक वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं, म्हणजे बारावीच्या निकालानंतर मधले महिने रिकामे. त्यांत हे सगळं उरकतं. आफ्रिका म्हणून स्वेटर मात्र घरी ठेवू नका. जून-जुलैत केपटाऊनला पावसाळी थंडी असते आणि बहुतेक घरांत हीटर नसतो.

हिवताप केपटाऊनात नाही. क्रूगर अभयारण्य, मोझांबिक, झांबेझीचं खोरं इथे आहे. गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधी सुरू करा आणि परतल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करा. नंतर ताप आला तर कुठे फिरून आलात ते डॉक्टरांना आधी सांगा. झिंबाब्वेला जाताना अमेरिकन डॉलरच्या लहान, स्वच्छ नोटा न्या, सुटे मिळत नाहीत. घरी येताना वाटेत केनिया किंवा इथिओपियात उतरून फिरायचा बेत असेल तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी, नाहीतर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवू शकतात. लशीचं पिवळं कार्ड पासपोर्टच्या पाकिटात ठेवा, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत नको.